क्लिफच्या गुलाबाखालची माती

क्लिफर्ड ओकले शेजारी म्हणून सोन्यासारखा माणूस होता, पण नवरा म्हणून मी त्याला दोन दिवसही सहन केलं नसतं. हे मी कुंपणावरून त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे तो गेल्यावर सांगायला मला संकोच नाही.

गुलाबाच्या वाफ्यात त्याला दुसरं काही म्हणून खपत नसे. इकडे इंग्लंडातल्या श्रॉपशरमध्ये आम्ही बाकीचे गुलाबाच्या पायथ्याशी काहीबाही लावतोच. मावा पडू नये म्हणून लसूण, उघडी बुडं झाकायला लॅव्हेंडर. क्लिफची माती मात्र बोडकी, रोज खुरपलेली. त्याची बायको मेव्हिस दर वसंतात लॅव्हेंडरची चार रोपं गुपचूप खोचायची आणि दुसऱ्या दिवशी ती रोपं माझ्या अंगणात येऊन पडायची.

"गुलाबाला भाडेकरू लागत नाहीत, मेव्हिस."

"लागतात. तुझ्यासारख्या खडूसाबरोबर राहून कंटाळलेत ते बिचारे."

चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

मग त्याची फुप्फुसं गेली. लग्नाच्या वर्षी लावलेला एक गडद लाल गुलाब होता, त्यावर त्याचा फार जीव. शेवटच्या आठवड्यात तो तिला म्हणाला, "माझी राख त्याच्या मुळाशी टाक. आणि त्याला जगव."

मेव्हिसने दोन्हींना होकार दिला. मार्चमध्ये तिने अख्खी बरणी त्या गुलाबाच्या आळ्यात रिकामी केली. मी तिचा दंड धरून उभी होते. "खतच होईल त्याचं," मी म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

जूनपर्यंत पानांच्या कडा करपल्या. कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. गल्लीतला जो तो औषधं सुचवायला लागला. मी स्वतः आळ्याभोवती लसूण लावला, पण झाड काही सावरेना.

शेवटी तिने रोपवाटिकेच्या ट्यूडरला बोलावलं. त्याने चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली.

"यात राख टाकलीय का, मिसेस ओकले?"

"क्लिफची," मेव्हिस म्हणाली.

त्याने टोपी काढली. "पुष्कळ जण टाकतात. पण ती राख फार खारट असते, त्यात चुन्याचा अंशही जास्त. एवढी एका जागी पडली की गुलाबाला सोसत नाही."

"मग आता?"

"दोन फूट माती काढून टाका आणि नवी भरा. जगेल कदाचित."

"काढलेली माती कुठे टाकू?"

ट्यूडरने बोटांतली माती हलकेच परत आळ्यात सोडली.

त्यानंतरचा आठवडाभर मेव्हिस रोज सकाळी फावडं घेऊन वाफ्यापाशी जायची आणि तशीच परत यायची. एकदा तिने एक ढेकूळ उचललं. मग वाकून ते जागच्या जागी ठेवलं आणि वर हाताने थापटलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"एकाच माणसाला दोन वचनं दिली गं मी," ती म्हणाली, "आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलीयत."

माझा नवरा असता तर मीही फावडं चालवलं नसतं.

तिने माती हलवली नाही. ऑक्टोबरात गुलाब वाळून काटकी झाला. ट्यूडरने तो जमिनीलगत कापून नेला आणि जाताना म्हणाला की तिथे आता दुसरा गुलाब लावू नका, लॅव्हेंडरला मात्र चुना चालतो, आणि खार हिवाळ्याच्या पावसात धुऊन जाईल. वसंतात तिने लॅव्हेंडर लावलं. पहिली एक-दोन रोपं मेली, पण बाकीची अशी काही फोफावली की रस्त्याने जाणारे थांबून बघतात.

मेव्हिस रोज न्याहारीनंतर तिथे खुर्ची टाकते आणि क्लिफशी बोलते. चर्चमध्ये कोण आलं, कोणाची गाय व्याली, सगळं सांगते. परवा मी तिला छेडलं, "तुझ्या लॅव्हेंडरबद्दल कळलं का त्याला?"

"ते पहिल्याच दिवशी सांगितलं. चिडला असेल, चिडू दे." तिने चष्मा काढून झग्याला पुसला. "गुलाब गेल्याचं अजून नाही सांगितलं. रोज विचारत असेल गं तो."