वेदगंगेकाठचं स्थळ

पुढच्या सुटीत याल तेव्हा वेदगंगेकाठी काय काय बघायचं, असं तुम्ही विचारलंत. अलीकडे दगडी घाट आणि महादेवाचं देऊळ आहे. पलीकडच्या तीरावर आम्हा जैनांचं मंदिर आहे, त्याला इकडे बस्ती म्हणतात. पूर ओसरल्यावर नदी जी गाळाची जमीन मागे ठेवते ती मळी. तिथली वांगी चवीला गोड असतात. हिवाळ्यात या. पावसाळ्यात पाणी तांबडं असतं आणि नाव बंद.

हे सगळं मी पहिल्यांदा एकाच दिवसात पाहिलं. तेव्हा मी बेळगावला इंग्रजी शाळेत होते, वसतिगृहात राहायची. मॅट्रिकची परीक्षा जवळ आली होती. निपाणीतल्या आमच्या नात्यागोत्यात एकही मुलगी मॅट्रिक झालेली नव्हती. पहिली मी होणार, हे मी धरूनच चालले होते. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, परीक्षेला बसवीन असा शब्द दिला होता.

दिवाळीच्या सुटीत शाळेनं आपल्या गावाजवळच्या नदीवर इंग्रजी निबंध लिहून आणायला सांगितला. मला वेदगंगा दाखवा, म्हणून मी आप्पांच्या मागे लागले. मग एकदा दिवस मावळायच्या आत जेवणं चालली असताना म्हणाले, "नदीकाठाला एक चांगलं स्थळ हाय. उद्या बघून येऊ."

भूगोलाच्या पुस्तकातली प्रेक्षणीय स्थळं पाठ करणाऱ्या मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. आईनं जरीकाठी लुगडं काढलं, ते देवळात जायचं म्हणून असेल असं वाटलं. मी कागद-पेन्सिल घेतली. आत्या हसून म्हणाली, "सगळं लिहून घेतीस काय गं?" घरात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

घाट झाला, देऊळ झालं, नावेतून जाऊन बस्तीही झाली. बस्तीशेजारच्या घरात जाजम अंथरलेलं होतं आणि त्यावर अनोळखी माणसं बसली होती. मला समोर पाटावर बसवलं, तेव्हा कळलं. मी स्थळ बघायला आले नव्हते, स्थळाची माणसं मला बघणार होती.

घरमालकांची तंबाखूची मोठी शेती होती. त्यांनी एक जुनी इंग्रजी तार माझ्या हातात दिली आणि वाच म्हणाले. मी वाचली, अर्थ सांगितला. ते बायकोला कानडीत म्हणाले की आता तार आली की ती वाचून घेण्यासाठी निपाणीला माणूस पिटाळायला नको. मला कानडी येतं हे त्यांना माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

परतताना गाडीत मी म्हटलं, "आप्पा, मला नदी बघायची होती."

"बघितलीस न्हवं? आता जन्मभर बघ." गाडीवानही हसला. मॅट्रिकचं विचारलं तर म्हणाले, ते आता सासरचे बघतील.

सासऱ्यांनी बघितलं ते असं: वाचता येतंय, मग परीक्षा कशाला? माझ्या वर्गातल्या मुली बेळगावात पेपर लिहीत होत्या, त्या दिवसांत मी मळीतून वांगी आणत होते आणि तंबाखूच्या दराच्या तारा वाचून दाखवत होते. निबंध मी लिहिलाच नाही.

त्या उन्हाळ्यात आप्पा भेटायला आले. ओसरीवर सासऱ्यांसमोर त्यांनी विचारलं, "बरं चाललंय न्हवं, पोरी?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं. दिलेला शब्द तुम्ही मोडलात, मी तुम्हाला कधीच क्षमा करणार नाही, असं अगदी सावकाश, शाळेत शिकवलेल्या उच्चारांत. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं.

सासरे कौतुकानं म्हणाले, "ऐकलासा? कशी फाडफाड बोलतीया."

आप्पांचा चेहरा फुलला. मी आत जाऊन चहा ठेवला.