दारात उभा राहणारा माणूस

दूधवाल्या रफिकनं कॅन खाली ठेवला आणि म्हणाला, "सिस्टर, पाळकसाहेब गेले." मी पातेलं पुढं करत विचारलं, "नांदेडला गेलेत ते ठाऊक हाय. परत कधी येणार?" त्यानं हातातलं माप परत कॅनात ठेवलं... मग कळलं. नांदेडच्या दवाखान्यात पहाटे गेले. मला आधी रागच आला, खरं सांगते. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, कुणाकुणाच्या उशाशी बसले, आणि हा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून राहिला अन् गेला मात्र परक्या गावात, पडद्याआड, एकटा. तपासायला निघाले तेव्हा मी सोबत येते म्हणत होते. "तुमी आल्यावर रविवारी चर्च कोण उघडील?" असं म्हणून माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि एकटेच एसटीत चढले.

याकोब साळवे आमच्या गावच्या चर्चात पाळक म्हणून आले, तेव्हा औंढ्याच्या रस्त्याला कापसाचं जिनिंग धडधडत होतं. त्यांची मंडळी म्हणजे बहुतेक जिनिंगचेच कामगार. बाकं भरायची, उशिरा आलेले खिडकीपाशी उभे राहायचे. उपासना संपली की साहेब झपझप मधल्या वाटेनं पुढं जाऊन दारात उभे राहणार आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणणार. पाळकांची ती रीतच असते म्हणे. पण यांच्या हातातून हात लवकर सुटायचा नाही. पोरगं शाळेत जाऊन राहिलं का, बायकोचा खोकला थांबला का, सगळी चौकशी तिथंच. मागं रांग खोळंबलेली. मी शेजारीच माझ्या अंगणात निवडणं घेऊन बसलेली असायचे, ते बघून मला हसू यायचं.

मग जिनिंग बंद पडलं. शेवटच्या दिवशी मालक फिरकला नाही, मॅनेजर फिरकला नाही. माणसं रिकामे डबे घेऊन मान खाली घालून बाहेर पडत होती आणि गेटात उभे होते साळवेसाहेब. ख्रिस्ती कोण, मुसलमान कोण, आमच्या विहारातला कोण, काही बघितलं नाही. प्रत्येकाचा हात धरला. माझा धाकटा भाऊ त्यात होता. घरी येऊन चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "ताई, इतका वेळ धीर धरला होता गं. त्या मानसानं हात धरला अन् रडूच फुटलं." पुढं एकेक घर पुण्याला नाहीतर संभाजीनगरला निघालं. दारात टेम्पो लागला की साहेब तिथं हजर. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. गाव रिकामं होत गेलं आणि हा माणूस दारोदारी उभा राहून त्याला निरोप देत गेला.

शेवटी मंडळीत उरल्या एकट्या रत्नाबाई. नांदेडच्या वरिष्ठ पाळकांकडून निरोपावर निरोप यायचे, आता ते चर्च बंद करा, तुम्हीही नांदेडला या. साहेबांचं एकच, "एक मानूस येऊन बसतंय तवर बंद करायचं न्हाई." गेल्या साली रत्नाबाईही वारल्या. पुढच्याच रविवारी सकाळी पुन्हा घंटा! माझं डोकंच फिरलं. तशीच पदर खोचून तरातरा गेले. "ऐकायला कुणी न्हाई, घंटा काहून वाजवता?"

"तुमाला ऐकू आली की, सिस्टर."

मी शेवटच्या बाकावर बसले. "बसते. पण आधीच सांगते, मी विहारात वंदना करून आलेली बाई. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणीबिणी घेणार न्हाई."

"पाणी हाय कुठं? आठ दिवस झाले, नळाला थेंब न्हाई. बसा निवांत."

एवढ्या मोठ्या चर्चात मी एकटी, आणि ते मात्र भरल्या सभेसमोर बोलावं तसं बोलत होते. संपल्यावर पुस्तक मिटलं, गुडघे दुखत असतानाही झपझप चालत माझ्या पुढं गेले आणि दारात उभे राहिले. हात पुढं केला. "सलाम, सिस्टर." मी म्हणाले, "अहो, एका बाईसाठी एवढी धावपळ?" तर हसले नाहीत. म्हणाले, "बाहेर पडताना दारात कुणी नसलं ना, तर मानसाला वाटतं आपून आलोच नव्हतो." तेव्हापासून एकही रविवार मी चुकवला नाही. विहारातल्या बाया चिडवायच्या, "कांताबाई, आता गाणी बी म्हनून दाखवा!" चिडवू देत.

मातीच्या दिवशी नांदेडचे पाळक आले, चार जुनी माणसं पुण्याहून आली. उपासना झाली. साहेबांची पेटी उचलली, माणसं मधल्या वाटेनं निघाली, आणि माझं लक्ष दाराकडं गेलं. दार मोकळं! सगळ्या गावाला निरोप देणारा माणूस बाहेर निघालाय आणि दारात कुणी नाही... माझं वय विसरले, बाकं धरत धरत, माणसांना ढकलत पुढं गेले आणि दारात उभी राहिले. पेटी आली तशी तिच्यावर हात ठेवला. हात लवकर सुटेना. खांदेकरी खोळंबले. "सलाम, पाळकसाहेब," म्हणाले आणि मग मला काही दिसेना.

किल्ली अजून माझ्याकडं आहे. नांदेडवाले मागायला येतील, तेव्हा सांगणार आहे की अजून एक मानूस बसतंय. दर रविवारी घंटा वाजवते, शेवटच्या बाकावर जाऊन बसते. प्रार्थना काही येत नाही, नुसती बसते. समोर त्यांचं पुस्तक मिटलेलं. तेवढं जमतं मला. मग उठते, दारापर्यंत येते आणि उंबऱ्यात पाय थांबतात. उजवा हात आपोआप पुढं होतो... बाहेर रस्ता, पलीकडं बंद जिनिंगच्या आवारात वाळत घातलेली हळद. बसायला मी आहे हो साहेब. पण बसायचं मीच आणि दारातही मीच उभं राहायचं, हे एका माणसाला कसं जमावं?