उद्या-परवाकडे

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं काम तिनं अर्धं आयुष्य केलं. ऐकून घ्यायचं, एवढंच. नळ दुरुस्त करणारे वेगळे, पाइप बदलणारे वेगळे, आणि ते दोघे नेमके कुठं बसतात हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या वाट्याला माणसं यायची ती आवाजापुरती, आणि तीही खवळलेली. मग ती अशा काही सुरात 'उद्या-परवाकडे होऊन जाईल हं' म्हणायची की शिव्या घालायला फोन केलेला माणूस 'बरं ताई' म्हणून गप्प व्हायचा. ऑफिसात तिचं नावच साखरबाई पडलं होतं. साहेबसुद्धा एखादा फारच तापलेला माणूस असला की फोन तिच्याकडे ढकलून मोकळे व्हायचे. उद्या-परवाकडे काही होऊन जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

चाळिशी सरून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कित्येक आठवडे फोन करणारा एक माणूस एका दुपारी म्हणाला, "ताई, तुमचा आवाज फार छान आहे हो. पण पाणी काही येत नाही." तो चिडला असता तर तिनं सांभाळून घेतलं असतं, त्यात तिचा हातखंडा होता. पण तो चिडला नव्हता. साखरबाईला त्या दिवशी डबा गेला नाही.

"मी नोकरी सोडते," तिनं घरी सांगितलं. "म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं शिकते."

"डोकं ठिकाणावर आहे ना?" नवरा म्हणाला. "ह्या वयात लोक पेन्शनकडे डोळे लावून बसतात, आणि तू परक्यांची अंथरुणं बदलायला निघालीस?"

"आई, आमची अंथरुणं काय वाईट आहेत?" मुलगी म्हणाली.

"तुमची बदलली तरी तुमच्या लक्षात येत नाही."

नवरा एवढंच पुटपुटला, की कंबर धरून घरी आलीस तर तेल चोळायला मी बसलेलो नाही. पुढं तोच चोळत बसला, तोंड वाकडं करून.

मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर तिनं शिक्षण पूर्ण केलं आणि एका वृद्धाश्रमात लागली. तिथली मेट्रन तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण करडी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, सध्या तुम्हाला तात्पुरतं घेतलंय. काम शिकाल, त्याची काळजी नाही. एकच सांगते, जे करणार नसाल ते बोलायचं नाही. इथल्या लोकांना वाट बघण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो."

मनासारखं काम मिळालं की थकवा जाणवत नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी एखाद्या अंगानं भरलेल्या आजोबांना कुशीवर वळवून दाखवावं. साखरबाईच्या नाकी नऊ आले. पाय सुजायचे, हातांना जंतुनाशकाचा वास चिकटून राहायचा, आणि संध्याकाळी बसस्टॉपवर ती उभ्या उभ्या पेंगायची. आपण काय करून बसलो, असं तिला रोज एकदा तरी वाटायचं. तरी ती टिकली, कारण इथं कापलेली नखं कापलेली दिसायची. विंचरलेले केस विंचरलेले दिसायचे. ती जाता जाता पुन्हा वळून बघायची.

तिच्याकडच्या खोल्यांपैकी एकीत टेलरआजी असायच्या. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे बोटं अजून स्वस्थ बसायची नाहीत, चादरीची शिवण चाचपत राहायची. रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न, "पोरगा कधी येणार माझा?" बाकीच्या बायका "विचारून सांगतो" म्हणायच्या. एका सकाळी शेजारच्या खोलीतली घंटा वाजत होती, चहा सांडला होता, साखरबाई वाकून गादीखाली चादर खोचत होती. आजींनी विचारलं, आणि हिच्या तोंडून त्याच जुन्या सुरात निघून गेलं, "उद्या-परवाकडे होऊन जाईल हं, आजी."

आपण काय बोललो हे तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा टेलरआजी निळा स्वेटर घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं. न्याहारीला हात लावला नव्हता. दुपारचं जेवणही तसंच परत गेलं. "तो आला की बसू. त्याला एकट्याला जेवण जात नाही."

मेट्रननं साखरबाईला बाजूला घेतलं. "मुलाशी बोलला होतात तुम्ही?"

"नाही."

"मग?"

"सवयीनं गेलं तोंडातून."

"तुमच्या ऑफिसात चाललं असेल ते. इथं माणूस उपाशी बसलाय. तुम्हीच निस्तरा. नाही जमलं, तर हे काम तुमचं नाही असं मला म्हणावं लागेल."

एक नोकरी आपणहून सोडलेली, दुसरी हातची चाललेली, आणि घरी नवऱ्याला काय तोंड दाखवायचं? तिनं आश्रमाच्या कचेरीतून आजींच्या मुलाला फोन लावला. तो दूरच्या गावी असायचा. चांगलं बोलला, आईची चौकशी केली. "हो हो, येतो ना," तो म्हणाला. "उद्या-परवाकडे बघतो हं." आणि अलगद फोन ठेवला.

साखरबाईच्या हातात रिसीव्हर तसाच राहिला. आवाज छान होता त्याचा.

आता खरं तर सगळं सोपं झालं होतं. मुलगा म्हणतोय, उद्या-परवाकडे येतो, असं जाऊन सांगायचं. ते खोटंही नव्हतं. आजी जेवल्या असत्या, मेट्रन गप्प बसली असती. कॉरिडॉर संपेपर्यंत ती तेच घोळवत होती. मग खोलीच्या दारातून तिला तो निळा स्वेटर दिसला, घामानं गळ्याशी काळा पडलेला.

येताना घेतलेली भाताची वाटी तिनं आजींसमोरच्या स्टुलावर ठेवली. "आजी, काल मी उगाच बोलले. मला काही माहीत नव्हतं. आत्ता फोन केला त्यांना. बघतो म्हणाले, पण येतीलच असं काही वाटलं नाही मला."

टेलरआजींनी वाटी उडवली. मऊ भात फरशीवर पसरला. "खोटारडे! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! म्हातारी म्हणून काहीही सांगशील? तुझी आई बसली असती अशी, तर?"

साखरबाईचा हात सवयीनं कानाकडे गेला. कानाला काही लावलेलं नव्हतं. इतकी वर्षं तिनं शिव्या ऐकल्या, पण त्या देताना माणसाची हनुवटी अशी थरथरते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं, आणि पळून जावंसं वाटलं. ती तिथंच उभी राहिली.

आजींना धाप लागली तेव्हा कुठं त्या थांबल्या. "मग येणार कधी तो?"

"मला माहीत नाही, आजी."

बराच वेळ आजींची बोटं स्वेटरची शिवण चाचपत राहिली.

"काढ हा आधी. उकडून जीव चाललाय."

बटणं घट्ट होती. साखरबाईनं खाली बसून एकेक सोडवली.

"आणि दुसरी वाटी आण. आणशील ना? का तेही उद्या-परवाकडे?"

"आत्ता आणते," साखरबाई म्हणाली. खुर्चीच्या हाताला धरून ती उठली, कंबर धरत स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि वाटी घेऊन आली.