आपली अँबॅसिडर ढाब्यावर चालली

सुमे, गुडघे कसे आहेत? कुसे, कंबरेचा पट्टा वापरतेस ना? बंडू, शुगर उतरली का? मी बरा आहे, पण जीव थाऱ्यावर नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांमुळं माझं गाडी चालवणं बंद केलं, म्हणून बाबांची अँबॅसिडर विकायला काढली. आज मोडनिंबकडचा एक ढाबेवाला बघायला आला.

रिवाजाप्रमाणे तुमच्या वहिनीनं चाकाखाली लिंबू ठेवलं, मी किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

तो खूश. "काका, लई जपलीय की! ढाब्यापुढं चौथऱ्यावर ठेवतो. लोकं फोटो काढतील."

"आणि चालवणार कोण?"

"चालवायची कशाला? इंजिन काढून टाकू."

तुमची वहिनी म्हणाली, "मग ह्यांनाबी न्या की. शेजारी बसवा, फोटो झकास येईल!"

दोघंही हसले. मीही हसलो, पण बॉनेटवरचा हात उचलेना. बंडू, मैंदर्गीच्या वाटेवर तू ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर जन्मलास रे.

नाही म्हणायचं होतं. पण कुणाच्या जिवावर म्हणू? स्टेअरिंगजवळचा तो गिअर माझ्या पोरांत कुणाला येत नाही, शिकायला कुणाला सवड नाही. शेवटी हो म्हणून बसलो. रविवारी तो क्रेन घेऊन येतोय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात ही गाडी चालवील असं एक तरी माणूस आहे का? ग्रुपवर नुसता अंगठा पाठवू नका. रविवारच्या आत दोन ओळी लिहा. नसेल, तर तसंही लिहा.