रविवारचा लेप

"काका, हा ब्रेस्ट कॅन्सर आहे. स्तनाचा. आणि तो हाडांपर्यंत पोचलाय," ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी बायको सुमन शेजारच्या स्टुलावर बसलेली. ती रडली नाही. तिने विचारलं, "मग लेप बंद करू का?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "कसला लेप?"

मी सातवी नापास माणूस. मोहन्याला राहतो, कारखान्यात जन्म गेला. हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरात बाई आहे त्यांनी वाचावं म्हणून लिहितो, आणि एका माणसाचा सूड घ्यायचाय म्हणून.

आठ महिने आधी आंघोळ करताना सुमनच्या डाव्या छातीत गाठ हाताला लागली. वाटाण्याएवढी, कडक. दुखत नव्हती. मला चार दिवसांनी सांगितलं, तेही भांडी घासताना, पाठ करून. डॉक्टर पुरुष असेल म्हणून ती जाईना. खरं सांगतो, मलाही ते आवडलं नसतं. तिची मावशी याच आजाराने गेलेली. रक्ताच्या नात्यात असला तर धोका वाढतो. नसला तरी होतो.

शेजारच्यांनी विठ्ठलवाडीचा लेपवाला सांगितला. दर रविवारी औषध. त्याची अट एकच, "सुई लावायची नाही. सुई लागली की गाठ पसरते." पाला तो द्यायचा. सुमनचा हात दुखायला लागला तसा पाट्यावर मीच वाटायचो, मीच लावायचो. मग छातीचं बोंड आत ओढलं गेलं. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली. काखेत दुसरी गाठ आली. शेवटी कातडी फुटली. लेपवाला म्हणाला, "तात्या, वितळतेय ती. बाहेर पडतेय." मी त्याच्या पाया पडलो. जखम भरेना, तेव्हा कुठे तिला ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन सपाट प्लेटांमध्ये दाबून काढतात, जरा दुखतं. बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासतात. सुमन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, एवढंच होतं? तुमच्या लेपाची आग याहून जास्त व्हायची." आणि हसली. मी दुसरीकडे बघितलं.

"सुईने पसरत नाही काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुईने कळतं. वेळ गेला की पसरतो."

लवकर आलं तर ऑपरेशन करतात, लागलं तर केमो आणि रेडिएशन देतात, आणि पुष्कळ बायका बऱ्या होतात. सुमनची केमो, म्हणजे सलाइनमधून दिलेलं औषध, फक्त दिवस वाढवायला होती. केस गेले, तोंड आलं, भात गिळवेना. अकरा महिने तिने काढले.

ती गेली. तिचं दिवसपाणी झालं आणि पुढच्या रविवारी मी विठ्ठलवाडीला गेलो. पिशवीत सुमनची फाइल आणि वरवंटा. त्याचं डोकं फोडणार होतो.

दारात सात बायका रांगेला. मला बघून तो म्हणाला, "तात्या, काय करणार, तुमची बाई उशिरा आली."

"पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे आलेली. उशीर तुझ्या दारात झाला."

"म्हातारा येडा झालाय," तो बायकांना म्हणाला. त्या हसल्या. एक हसली नाही. तिशीची असेल, नवरा सोबत होता. वाटलं, मी याला मारून तुरुंगात गेलो तर ही उद्या दुसरा लेपवाला शोधेल. वरवंटा पिशवीतच राहिला. मी फाइल काढली आणि त्या दोघांना सगळं सांगितलं.

"काका, हिला दुखत नाही हो," नवरा म्हणाला. "साधी गाठ असेल."

"असेल. पुष्कळशा साध्याच असतात. पण ते डॉक्टरला सांगू दे, याला नको."

"सुई लावतील?" तिने विचारलं.

"लावतील. लावून घे पोरी."

ती दोघं उठून गेली. मी नंबर दिलेला. दोन महिन्यांनी नवऱ्याचा फोन आला. कॅन्सरच होता, पण लहान होता, काखेत गेला नव्हता. ऑपरेशन झालेलं. मी बरं झालं म्हणालो, फोन ठेवला आणि त्या बाईचा हेवा केला. सुमन का नाही? माझं मन एवढं मोठं नाही.

डॉक्टरीणबाईंचे उपकार मानतो. लेपवाल्याला माफी नाही. त्याचा पाला पाट्यावर वाटणाऱ्यालाही नाही. दर रविवारी तो मला हाकलतो, मी समोरच्या बाकड्यावर जाऊन बसतो. आम्ही दोघं जिवंत आहोत तोवर, त्याच्या दारात येणारी बाई आधी माझ्याशी बोलेल.