चिठ्ठीने आणलेलं ड्रॉइंग

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. आजही तसाच आहे. पण हे माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी घडलंय... म्हणून लिहितोय.

माझी पुतणी कॉम्प्युटरवाली. परवा तिने मला युनिक्समधली ‘सिम्बॉलिक लिंक’ समजावली — एक चिमुकली फाइल, आत फक्त दुसऱ्या फाइलचा पत्ता. सिस्टिम तो पत्ता वाचते, तिथे जाते आणि जे सापडेल ते उघडते. मूळ फाइल उडवली तरी लिंक आपली तोच पत्ता दाखवत राहते. त्या जागी त्याच नावाचं दुसरं काही ठेवलं, तर मुकाट्याने तेच आणून देते. मी म्हटलं, अगं, हे आम्ही साठच्या दशकात बेंगळुरात करत होतो!

मी निपाणीहून आलेला. चामराजपेटेत मावसभाऊ श्यामअण्णाकडे राहायचो. पंपांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात मला त्यानेच चिकटवलं होतं. मूळ ड्रॉइंग एकच असे, मोठ्या कपाटात. बाकीच्या विभागांच्या खणांत नुसती चिठ्ठी — अमुक कपाट, तमुक खण. साहेबांनी ड्रॉइंग मागितलं की शिपाई कृष्णप्पा चिठ्ठी वाचून तिथे जाई आणि खणात असेल ते आणे.

नव्या पंपाचं ड्रॉइंग मी केलं होतं. पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर गाशा गुंडाळून निपाणी.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी खण उघडला. आत माझ्याच ड्रॉइंगची नक्कल, नंबरही तोच, आणि कोपऱ्यात नाव श्यामअण्णाचं! माझं गायब. अण्णाला विचारलं तर म्हणतो, "तुझं डोकं फिरलंय. स्वल्प पाणी पी." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी कालचा पोर, माझं कोण ऐकणार होतं?

दुपारी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आपल्या खणातली चिठ्ठी कृष्णप्पाला दिली. तो गेला, परत आला, कागद टेबलावर पसरला...

नाव माझं. माझ्या अंगठ्याच्या शाईच्या डागासकट!

अण्णा पांढराफटक पडला. मराठीत ओरडला, "कसं शक्य आहे? पहाटे मी स्वतः बंबाच्या जाळात घातलंय हे!"

साहेबांना मराठीचं अक्षर कळत नसे. "काय म्हणतोय तो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "काम छान झालंय म्हणतोय, सर." का म्हणालो कोण जाणे. तोंडातून दुसरं काही निघेना.

नंतर मी धावत जाऊन खण पाहिला. अण्णाची नक्कल आतच होती. कृष्णप्पा मात्र शपथेवर सांगत होता, "आत एकच कागद होता, सार. तोच आणला."

परवा पुतणीला विचारलं, तुमची लिंक असं करू शकते का? "छे हो काका, उडालेली फाइल लिंक कुठून आणणार?" बरोबर आहे तिचं. मलाही आजतागायत उलगडा झालेला नाही.

नोकरी कायम झाली, मी ते घर सोडलं. लोक विचारतात, भीती नाही वाटली? भीती कसली! संताप येतो, अजून येतो. त्या घरात अंघोळीला बंबाचं पहिलं पाणी रोज अण्णाचं, त्याआधी कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी मात्र पहाटे त्यानेच मला उठवलं होतं — "पाणी कडकडीत तापलंय रे. आज पहिलं तू घे." आणि मी, भावाची माया समजून, दोन तांबे जास्तच घेतले होते.