बिनओळंब्याचे तीन थर

गावात गवंडी पुष्कळ होते, पण भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजनाच्या दोरीवरून ‘ओळंबा’ या नावाने ओळखला जाणारा एकच. लेकीसाठी स्थळ पाहायला गेला, तर चहा यायच्या आत पाहुण्यांच्या दाराची चौकट तिरकी असल्याचं तोंडावर सांगून मोकळा झाला. लग्न मोडता मोडता राहिलं.

या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर हट्ट धरला, की होडीने जाऊन तलावात बुडालेलं देऊळ बघायचं. धरण झालं तेव्हा मूर्ती नव्या गावात हलवली होती आणि रिकामा गाभारा उघडा राहू नये म्हणून त्याच्या दारात दगडी भिंत घालायचं काम याच्याकडे आलं होतं. यंदा पाणी इतकं उतरलं, की देऊळ निम्मं उघडं पडलं. गुडघे कुरकुरत होते, पोहण्याच्या नावाने शंख होता. लेकीने समजावलं, जावयाने थट्टा केली, म्हातारा ढिम्म हलला नाही. शेवटी लेकच पदर खोचून त्याच्याबरोबर निघाली.

नावाडी एरवी लांबूनच फेरी मारून आणायचा. म्हाताऱ्याने त्याला होडी पार गाभाऱ्याच्या दाराशी न्यायला लावली. शिखर ढासळलं होतं, खांब कलले होते, भिंत मात्र उभी होती. लेकीला भरून आलं.

“बाबा, केसभरही हलली नाही हो.”

म्हातारा भिंतीच्या माथ्याकडे बघत होता. तिथे हातभर खिंडार पडलं होतं आणि निखळलेले दगड खाली उथळ पाण्यात दिसत होते.

“वरचे तीन थर मी ओळंबा न लावता रचले,” तो म्हणाला. “पाणी पायरीला लागलं होतं. मुकादम ओरडत होता, आणि मी घाबरलो होतो.”

उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवणाऱ्या बापाने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. नावाड्याने समजूत काढली, की पंधरा दिवसांत पाणी चढेल, मग इथे कोण बघायला येतंय.

“पंधरा दिवस पुष्कळ झाले,” म्हातारा म्हणाला. “तुझी होडी सिमेंटची किती पोती पेलेल?”

नावाडी लेकीच्या तोंडाकडे बघू लागला. तिने त्याला होडीत दोन पोती घ्यायला सांगितलं आणि उद्या सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.